कोचाखालचे गुरुजी

घर बघायला आलेल्या माणसानं घर बघावं. भिंती बघाव्यात, नळाला पाणी येतं का बघावं, परसात डोकवावं. फारच चौकस असेल तर फळीवरचे डबे मोजावेत, तेवढं चालतं. पण मुलीचा बाप म्हणून आलेला माणूस, इस्त्रीची टोपी घातलेला, चारचौघांत गुरुजी म्हणवून घेणारा, हातातली बशी खाली ठेवतो काय आणि माझ्या नव्या फरशीवर उताणा पडून कोचाखाली डोकं घालतो काय, हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

"निवृत्ती, काय करतोयस रं?" त्यांच्या थोरल्या बहीण तानाक्का म्हणाल्या. कोचावर आता त्या एकट्याच होत्या. साप निघाला असं वाटून त्यांनी दोन्ही पाय वर घेतले.

खालून आवाज आला, "आक्का, जरा हलू नकोस."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचं ताट धरून उभी. आणि आमचे हे, घरचे कर्ते पुरुष, समोरच्या खुर्चीत तसेच बसलेले. पाहुणा जमिनीवर आडवा झाला तरी उठेनात. कारण काहीही झालं तरी उठायचं नाही, असं मीच त्यांना बजावलं होतं.

चाळीसेक वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आम्ही कऱ्हाडात नवं घर बांधलं होतं. घर म्हणजे तीन खोल्या आणि वर स्लॅब. हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. होतं नव्हतं ते विटा-सिमेंटात गेलं आणि आत सामान म्हणून एक लोखंडी खाट, एक पाट आणि भिंतीवरचा गणपती एवढं राहिलं. बोललं की आवाज घुमायचा. आमच्या हणमंतासाठी मुलगी बघत होतो. पोरगा पाटबंधारे खात्यात कायम झालेला, नाकीडोळी नीटस, पण चार ठिकाणची माणसं येऊन घर बघून गेली आणि चौघांनीही पोस्टकार्ड टाकलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिकेला काय धाड भरलीय. बसायला सतरंजी टाकली होती, ती जुळली नाही त्यांना.

पाचवं स्थळ रहिमतपूरच्या खराडे गुरुजींचं. मुलगी आम्ही मध्यस्थाच्या घरी बघून आलो होतो, सोबत तिची आई तेवढी होती. तिचं नाव शालन. मी तिला विचारलं, "भाकरी येते का?" पोरगी मान वर करून म्हणाली, "येते. पण गोल येत नाही." बाकीच्या चारही पोरींना म्हणे पुरणपोळी येत होती. मी येताना एसटीतच ह्यांना सांगितलं, सून आणीन तर हीच. दुसरी बघायला मी येणार नाही, तुम्ही आणि तुमचा मुलगा जा.

आता ते लोक येत्या रविवारी घर बघायला येणार होते. मध्यस्थाला मी सांगून बसले होते, घर एकदम सजवलंय, सगळं सामान नवंकोरं, ऑर्डर देऊन केलेलं. हे म्हणाले, "कुठलं सामान?" मी म्हटलं, "ते आता आणायचंय."

नवं परवडणार नव्हतं आणि जुनं घ्यायची आमच्यात रीत नाही. आमच्या घरात जुनी वस्तू म्हणून फक्त सासू असायची. पण गरजेला रीत कुठली? ह्यांना घेऊन गेले इस्माईलभाईंच्या वखारीत. ते जुनं लाकूडसामान विकायचे. तिथं एक तीन माणसांचा कोच, एक वेताची हातखुर्ची आणि एक टीपॉय मी बाजूला काढलं. टीपॉयवर गरम पातेल्याचा काळा डाग होता, खुर्चीचा वेत मधोमध फाटलेला आणि कोचाचा मागचा एक पाय आखूड. एका हातावर तर लाकूड कुरतडलेलं, ओळीनं बारीक बारीक खड्डे.

"ताई, अस्सल सागवान आहे," इस्माईलभाई म्हणाले. "शंभर वर्षं हलणार नाही."

"हलायचं राहू द्या. उंदरांनी खाल्लाय की."

"उंदीर नाही ताई, माझ्या दुकानात उंदीर नाहीत."

"मग काय तुम्ही चावलात?"

माणूस भला. हसले आणि उंदरापायी भाव खाली आणला.

सामान घरी आणलं भर दुपारी, आळी जेवून आडवी झाली असताना, हातगाडीवर ताडपत्री झाकून. तरी समोरच्या सुगंधाबाई जागीच. "काय हो, झाकून काय आणलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नवं आहे, धूळ बसायला नको."

मग तीन दिवस माझे हात थांबले नाहीत. हे म्हणत होते, सागवान आहे, नुसतं पॉलिश मारू. पॉलिशमधून ओरखडे दिसतात. मी उंदराचे खड्डे पुट्टीनं भरले आणि दारा-खिडक्यांचा उरलेला चॉकलेटी ऑइलपेंट सगळ्यावर दोन हात मारला. जरा घट्ट बसला, पण चकचकीत दिसायला लागलं. दार कुठलं आणि कोच कुठला तेवढं बघून बसावं लागायचं. पडद्याच्या कापडाच्या उश्या शिवल्या. डागावर क्रोशाचा रुमाल टाकला. आखूड पायाखाली काडेपेटी दुमडून सारली.

कोच पालथा घालून रंगवत होते तेव्हा खालच्या फळीवर पटाशीनं कोरलेलं दिसलं. मला लिहिणं-वाचणं फारसं येत नाही, पण श्री ओळखू येतो. पुढं दोन आकडे होते, सहा आणि तीन. श्रीवरून ब्रश फिरवायची माझी काही छाती झाली नाही. भोवतीनं चौकोन सोडला आणि बाकी रंगवलं.

"खालची बाजू कशाला रंगवतेस?" हे म्हणाले. "कोण बघणार आहे?"

"देव बघतो," मी म्हटलं.

राहिली खुर्ची. तिचा वेत विणून घ्यायला वेळ नव्हता. मी त्या भोकावर आडवा पाट ठेवला आणि वर उशी. ह्यांना बसवून बघितलं. बसले की पाट बसायचा, उठले की एका बाजूनं सुटून धाडकन खाली.

"म्हणजे मी उठायचंच नाही?"

"नाही."

"पाहुणे आले तरी?"

"बसून नमस्कार करा. आणि सामानाबद्दल काही विचारलं तर नुसतं हं म्हणायचं. बाकी मी बघते."

हे आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. वजनकाट्यावर तीस वर्षं काढली, पण काट्याला कधी बोट लावलं नाही. म्हणूनच मला भीती होती. हणमंताला तर मी सकाळीच मावशीकडं पाठवून दिला. तो बापावर गेला होता.

रविवारी दहाच्या सुमाराला गुरुजी आणि तानाक्का आले. गुरुजी उंच, हाडकुळे, बोलणं तोलून मापून. शाळेत उद्योगाचा तास घेतात एवढं मध्यस्थ म्हणाला होता. उद्योग म्हणजे सूतकताई असणार असं मी धरून चालले. आमच्या वेळी तेच असायचं.

तानाक्कांनी उंबऱ्यातूनच सगळं डोळ्यांत भरून घेतलं. हे बसून हात जोडून हसत होते.

"पाव्हण्यांच्या कंबरेला काय झालंय?" तानाक्का.

"गुडघा धरलाय त्यांचा," मी म्हटलं. "कालपासून."

पोहे आले. गुरुजींनी चमचा डाव्या हातात धरला. माझ्या कपाळाला आठी पडली. गुरुजी म्हणे, आणि पोरांना काय शिकवत असतील? तेवढ्यात त्यांनी ह्यांना विचारलं, "कारखान्यावर कसे जाता?"

"सायकलनं," हे म्हणाले. "जाऊन-येऊन चौदा किलोमीटर. कालही गेलो होतो."

"धरलेल्या गुडघ्यानं?" तानाक्का.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हं."

मी घाईनं विषय कोचावर नेला. तिथंच फसले. "सामान कसं वाटलं, आक्का? कोल्हापूरच्या मिस्त्रीकडून करून घेतलं. दिवाळी झाल्यावर ऑर्डर दिली, आत्ता परवा आलं. अजून रंगाचा वास गेला नाही."

"वास येतोय खरा," तानाक्का म्हणाल्या.

आल्यापासून गुरुजी कोचाच्या हातावरून तळवा फिरवत होते, पुढून मागं, मागून पुढं, जशी आपण गाईची मान खाजवतो तशी. मग म्हणाले, "मिस्त्रीचं नाव काय, वहिनी?"

"पांडू मिस्त्री."

"वयस्कर आहेत?"

"छे, तिशीचा असेल पोरगा. पण हात बघा कसा आहे."

"हात चांगलाय," गुरुजी म्हणाले. "मलाही रुखवतात एक कोच द्यायचाय. पत्ता द्या त्यांचा."

"पत्ता काय..." मी म्हटलं. "तो फिरतीवर असतो."

"सुतार? फिरतीवर?"

"हं," असं हे खुर्चीतून मोठ्यानं म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी.

मी चहा आणायला आत पळाले. ताट घेऊन बाहेर येते तर गुरुजींची बशी टीपॉयवर आणि गुरुजी कोचाखाली.

बराच वेळ ते तिथं होते. मग एक डावा हात बाहेर आला. हातात दुमडलेली काडेपेटी. पाठोपाठ कोच एका अंगाला कलला आणि तानाक्का "आगं आई" म्हणत उशीसकट घरंगळत कोपऱ्यात गेल्या.

गुरुजी उठून बसले. टोपीला जाळं लागलेलं. "डावरा दिसतोय तुमचा मिस्त्री," ते म्हणाले. "पटाशीचे घाव सगळे उलट्या अंगानं पडलेत. खाली श्री कोरलाय. तेवढा सोडून रंग दिलाय कुणीतरी."

"देवभोळा आहे आमचा पांडू," मी म्हटलं.

"आणि पुढं त्रेसष्ट."

"किंमत असेल."

"तिरसठ रुपयांत सागवानी कोच?" तानाक्का सावरून बसल्या होत्या. "मग मलाबी दोन सांगा."

"नंबर असेल. त्याचा त्रेसष्टावा कोच असेल."

"सालबी असंल की वो," तानाक्का म्हणाल्या. "तिरसठ साल. आता शहाऐंशी चाललंय. तुमचा पांडू तिशीचा, म्हंजे सातव्या वर्षी कोच करत हुता व्हय?"

मी ताटातल्या कपबशा सारख्या करायला लागले.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पाट पडला होता. हे उभे होते.

"जुना आहे," हे म्हणाले. "इस्माईलभाईंच्या वखारीतून आणलाय. खुर्चीसुद्धा. रंग आम्ही दिला. पांडू मिस्त्री कोण ते मला माहीत नाही आणि माझा गुडघा ठणठणीत आहे. मुलाबद्दल सांगितलंय ते मात्र सगळं खरं आहे. नोकरी, पगार, वय, सगळं." एवढं बोलून त्यांनी मागं बघितलं आणि बसायला काही उरलं नाही म्हणून उभेच राहिले.

तानाक्कांनी पदर सावरला. "निवृत्ती, पायताण घाल. कोचाचं वय चोरणारी माणसं पोराचंबी चोरत्याल. असल्या घरात शालन द्यायची न्हाई."

मला भाकरीची ती गोष्ट आठवली. गोल येत नाही म्हणणारी पोरगी आता पोस्टकार्डानं जाणार होती. आणि या वेळी पत्रिका न जुळायला सतरंजी कारण नव्हती, मी होते.

गुरुजी काही पायताणाकडं गेले नाहीत. ते परत कोचावर बसले, कललेल्या बाजूला, आणि कोचाच्या हातावर नख घासून बघायला लागले. रंगाचा पापुद्रा निघाला. खाली पुट्टी.

"हे काय भरलंय?"

खोटं बोलून झालं होतं, आता खरंच बोलायचं राहिलं होतं. "उंदरानं कुरतडलंय ते. त्यापायी तर भाव पाडून घेतला."

गुरुजी हसायला लागले. तोंडातल्या तोंडात नाही, पोट धरून. डोळ्यांतून पाणी. "आक्का, उंदीर म्हणतायत. इकडं ये, हात लाव."

तानाक्कांनी वाकून बोट घातलं. एका खड्ड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मग त्यांचा चेहरा बदलला. "आगं बया. ही तर शालनची दातं."

"दात शिवशिवत होते तेव्हाची," गुरुजी म्हणाले. "दिवसभर इथं लटकलेली असायची. खारीक दिली तर फेकायची, सागवान हवं. वहिनी, शाळेत मी सुतारकाम शिकवतो. हा कोच मी लग्नाच्या साली माझ्या हातानं केला. आत आलो तेव्हाच हात ओळखला. पण रंग बघून वाटलं आपलं चुकत असेल. असा रंग माझ्या कोचाला कोण देईल?"

तेवढ्यात तानाक्का सरळ उभ्या राहिल्या आणि भावाकडं बघायला लागल्या. अशा बघत होत्या की मी दोन पावलं मागं सरले.

"निवृत्ती. ह्यो कोच तू पॉलिशला दिला हुतास न्हवं?"

गुरुजींचं हसू थांबलं.

"मी दर दिवाळीला इचारायची. कोच कुठं गेला रं? पॉलिशला दिलाय आक्का. आठ वर्सं झाली. दोन वर्सं इचारलं, मग म्हटलं पॉलिशवाला मेला असंल. आन् ह्यो हितं?"

खोटं पकडलं गेलं की माणसाचे कान लाल होतात. गुरुजींचे होताना मी बघितले. माझे आधीपासून तापलेलेच होते.

"विकला," ते खाली बघून म्हणाले. "शालनची आई मिरजेला दवाखान्यात होती तेव्हा. ती बरी होऊन घरी आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, कोच कुठाय? तोंडातून निघून गेलं, पॉलिशला दिलाय. एकदा तिला सांगितलं म्हणून मग सगळ्यांना तेच सांगावं लागलं. ती अजून मधूनमधून विचारते."

"आन् तू काय सांगतोस?"

"पहिला हात झालाय म्हणतो."

ह्यांनी पडलेला पाट उचलून भिंतीला टेकवला. तानाक्का एकदा भावाकडं बघत, एकदा माझ्याकडं. मग धपकन कोचावर बसल्या आणि म्हणाल्या, "सोयरीक जुळायला पत्रिका कशाला लागतीया? दोघंबी सारखीच की. चहा द्या त्यो, गार झाला."

चहा मी दिला. पण माझ्याही अंगात रक्त होतं. दुसऱ्याच्या संसाराची वस्तू घरात ठेवून त्यांच्यापुढं ताठ मानेनं कसं बसायचं? मी म्हटलं, "गुरुजी, कोच तुमचा आहे. घेऊन जा. मी हातगाडी बोलावते."

"नको," गुरुजी म्हणाले. "मुलीच्या आधी रुखवत पोचलंय असं समजा. घरी जाऊन सांगतो, पॉलिश पुरं झालं, फक्त पत्ता बदलला. वरवंटा आहे का घरात? आणि लाकडाची एक ढलपी द्या."

मी वरवंटा दिला. ते पुन्हा उताणे पडले, डाव्या हातानं ठोकून ढलपी पायात बसवली. कोच हलायचा थांबला तो अजून हललेला नाही. मग खुर्ची उलटी करून बघितली आणि ह्यांना म्हणाले, वेत मी येताना घेऊन येईन, तोपर्यंत बसू नका. हे म्हणाले, आज इतका बसलोय की महिनाभर उभा राहीन.

निघताना दारात गुरुजी घुटमळले. डाव्या हातात टोपी, तिचं जाळं झटकत. म्हणाले, "विहीणबाई म्हणू ना आता? मनात काही राहिलं असेल तर बोलून टाका. फक्त एक सांगतो, सागवानाला तो चॉकलेटी रंग म्हणजे पैठणीला गोणपाटाचं ठिगळ."

एवढं होईपर्यंत मी बरीच नरमले होते. पण रंगाला नाव ठेवलं आणि माझा पदर आपसूक कमरेला खोचला गेला.

"राहिलंय ना, ऐका," मी म्हटलं. "घर बघायला आलेल्या माणसानं कोचाखाली शिरू नये. शिरला तर तिथलं बाहेर बोलू नये. आणि डाव्या हातानं पोहे खाऊ नयेत. तुमचं सगळं वागणं चुकलंय, गुरुजी, आणि त्याला दंड आहे. येत्या रविवारी पटाशी घेऊन यायचं आणि हा रंग तुम्ही स्वतः खरवडून काढायचा. एकट्यानं यायचं नाही. शालनच्या आईला संग आणायचं, तिला कोचावर बसवायचं आणि पॉलिश किती हात झालं ते तिच्या तोंडावर सांगायचं. आणि तारीख लवकरची धरा. कोचाच्या दुसऱ्या हाताचं लाकूड अजून कोरं आहे, आणि ते कुरतडायला आमच्या घरात एकही उंदीर नाही."